गोलांची पैज आणि गुळाच्या ढेपा

एकदा एक गाव होते, आणि त्या गावाला फुटबॉलचे असे वेड होते की तिथल्या म्हशीसुद्धा ऑफसाइड ओळखत. खोटे वाटत असेल तर वाटू द्या. पण नदीकाठच्या मैदानावर सामना चालू असताना बांधावर रवंथ करणाऱ्या म्हशी नेमक्या त्या क्षणी मान वर करत, आणि रेषेवरच्या पंचाचा झेंडा त्यानंतर वर जाई, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसे गावात होती. गाव पेठापेठांत वाटलेले. प्रत्येक पेठेची एक तालीम. सकाळी तालमीच्या लाल मातीत कुस्ती, संध्याकाळी त्याच तालमीचा संघ मैदानात. सामन्यांचा मोसम चालू असताना गावात लग्न निघत नसे. कारण मुहूर्ताला नवरामुलगा सापडेलच याची खात्री भटजीही देत नसत.

या गावात पैशावर पैज लावणे पाप समजत. गुळावर लावणे मात्र पाप नव्हे. चहूकडे ऊस, पावलोपावली गुऱ्हाळे, गूळ घरचा. आणि घरच्या वस्तूने खेळले तर देव रागावत नाही, अशी गावाने आपली एक सोयीची समजूत करून घेतली होती. बाजारात गुळाचा एक व्यापारी होता. त्याला सगळे नुसते शेठ म्हणत. सामन्याच्या आदल्या दिवशी शेठ दुकानाबाहेर एक फळी टांगी. कोण जिंकणार यावर तो पैज घेत नसे. घेतली असती तर जो तो आपल्याच पेठेवर लावता आणि संध्याकाळी दुकानापुढे डोकी फुटती. म्हणून पैज फक्त गोलांवर. दोन्ही संघांचे मिळून तीन किंवा अधिक गोल झाले, तर सामना 'रस्सा'. दोन किंवा त्याहून कमी झाले, तर 'सुका'. कशावर एका ढेपेला वर किती ढेपा मिळतील, तो भाव फळीवर खडूने लिहिलेला. जिंकलात तर तेवढ्या न्या. हरलात तर तुमची ढेप शेठची.

या गावात धैर्यशील नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचे गुऱ्हाळ होते. साच्यातली ढेप थंड होते न होते तोच धैर्यशील ती खांद्यावर टाके, शेठच्या दुकानी जाई आणि रश्श्यावर लावी. कारण उघड होते. त्याच्या पेठेच्या संघात इंद्रजित नावाचा गोल मारणारा गडी होता, आणि इंद्रजितच्या बहिणीशी, वैजयंताशी, धैर्यशीलची सुपारी फुटली होती. लग्न पुढचा मोसम संपल्यावर. होणाऱ्या मेहुण्याच्या पायावर विश्वास ठेवायचा नाही, तर ठेवायचा कुणाच्या?

विश्वास मोठा होता, पण गोल होत नव्हते. त्यात इंद्रजितचा गुडघा एका सामन्यात फिरला आणि तो घरी बसला. तरीही धैर्यशील रश्श्यावर लावतच राहिला. शेवटी गुऱ्हाळवाल्याच्या घरी चहा बिनगुळाचा होऊ लागला. वडिलांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"ऊस लावायचा मी. गाळायचा मी. धुरानं डोळं फोडून घ्यायचं मी. आन् गूळ खायचा शेठनं! ह्यो कुठला न्याय रं?"

 धैर्यशील उठला आणि आबांकडे गेला.

आबा म्हणजे गावाच्या टोकाला राहणारे एक वृद्ध गृहस्थ. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि उमेदीची सारी वर्षे रविवारी पंच म्हणून शिट्टी वाजवलेले. प्रत्येक पेठेने त्यांना सारख्याच मापाने शिव्या दिल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी गावात दुमत नव्हते. शेठ उभ्या गावात भीत असे तो या एकाच माणसाला. आबा कधीमधी दुकानात येत, फळीकडे पाहत, आणि बहुधा काहीच न लावता "रामराम, शेठ" म्हणून परत जात. लावली तर एकच ढेप. पण ती ठेवून आबांची पाठ वळते न वळते तोच शेठ फडके घेऊन फळी पुसे आणि भाव बदले.

"आबा," धैर्यशील त्यांच्या पायरीवर बसत म्हणाला, "सामना सुका होणार का रस्सा, ते ओळखायला शिकवा."

"ते मला येत नाही."

"मग तुम्ही जिंकता कसं?"

"ओळखायला जात नाही, म्हणून."

धैर्यशीलला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. आबा आत गेले आणि एक मडके घेऊन आले. सामना पाहून आल्यावर त्यात एक बी टाकायची, अशी त्यांची वर्षानुवर्षांची रीत होती. रस्सा झाला की चिंचोका, सुका झाला की पांढरा पावटा. साध्या सामन्यांचे मडके वेगळे, चिखलातल्या सामन्यांचे वेगळे, अंतिम सामन्यांचे वेगळे.

"डोळे मीट. हात घाल. एक काढ."

चिंचोका निघाला.

"परत टाक. आता काय निघेल?"

"आता... चिंचोकाच."

"कशावरून?"

"मन सांगतंय."

"मन मडक्यात हात घालून आलं काय रे?" आबा म्हणाले. "हे बघ. शिट्टी वाजेपर्यंत सामना म्हणजे हे मडकं. आत काय आहे आणि कितपत आहे, एवढंच माणसाला कळू शकतं. हाताला काय लागेल ते मडक्यालाही ठाऊक नसतं. आता मला सांग, या मडक्यात निम्मे चिंचोके, निम्मे पावटे. आणि शेठच्या फळीवर सुक्याला भाव काय असतो?"

"एका ढेपेवर दोन. सुक्यावर कोण लावतंय म्हणा!"

"कोण लावत नाही म्हणूनच दोन. शेठ मडकं बघून भाव लिहीत नाही, गर्दी बघून लिहितो. दहा वेळा सुक्यावर लाव. पाचदा हरशील, पाच ढेपा जातील. पाचदा जिंकशील, दहा येतील. कुठल्या पाच ते विचारू नको. शेठच्या भावातून दिसणारं मडकं आणि आपलं मडकं एकसारखं नसेल, तर ढेप ठेवायची. एकसारखं दिसलं, तर रामराम करून घरी यायचं. हे घरी येणं सगळ्यात अवघड."

"पण मग गाव सारखं रश्श्यावरच का लावतं?"

"नऊ गोलांचा सामना ठाऊक आहे तुला?"

"पाच-चार! तो सामना गावात कोण विसरेल?"

"तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. तरी तुला पाठ आहे. आणि त्यानंतरचे शून्य-शून्य?"

धैर्यशील आठवू लागला. एकही आठवेना.

"त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. गाव आठवणीवर लावतं. मडकं मात्र विसरत नाही."

त्या दिवसापासून धैर्यशील रोज आबांच्या सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या पडवीत, येऊ लागला. सोप्याच्या एका अंगाला तो मडकी घेऊन बसे. दुसऱ्या अंगाला इंद्रजित असे. त्याचा गुडघा वळत नव्हता, आणि त्याच्या घरचा जिना उभा. म्हणून आबांच्या सोप्याच्या रुंद, बुटक्या पायऱ्या तो रोज चढे आणि उतरे. पहिल्या दिवशी त्याला एक पायरी चढताना घाम फुटला. आबा आपली जुनी शिट्टी वाजवून म्हणाले, "खेळ चालू! पाय उचल, फाऊल झालेला नाही." इंद्रजित रडता रडता हसला. पुढे पावसाळा गेला, थंडी आली, आणि तो पायऱ्यांवरून उड्या मारू लागला. धैर्यशीलने ते पाहिले की नाही कोण जाणे. तो चिखलातल्या सामन्यांचे पावटे वेगळे करण्यात गुंतला होता.

विद्या मात्र फळली. पहिल्या दोन-तीन ढेपा गेल्या तेव्हा तो कुरकुरत आला. आबांनी एवढेच विचारले, "मडकं बदललं का?" मग तो कुरकुरेनासा झाला. कधी सुक्यावर, कधी चिखलात गोलरक्षक घसरतात म्हणून रश्श्यावर, आणि पुष्कळदा कशावरच नाही. मोसम मध्यावर आला तोवर घरात गूळ एवढा साठला की माजघरातून पलीकडचा माणूस दिसेना. मुंग्या अशा लोटल्या की दूरच्या पेठेतल्या मुंग्याही पाहुण्या म्हणून येऊन मुक्कामाला राहिल्या. वडील गोड चहा पीत आणि म्हणत, "पोरगं सुधारलं."

वैजयंताला तसे वाटत नव्हते.

उपांत्य सामना त्यांच्या पेठेचा होता. इंद्रजित अजून बाहेर बसलेला. दोघे भाऊबहीण आणि धैर्यशील एका ओळीत बसले होते. सामना एक-एक असा अडलेला, आणि शेवटच्या घटकेला त्यांच्या पेठेच्या एका पोराने डोक्याने चेंडू आत ढकलला. सगळी पेठ उभी राहिली. फेटे उडाले. एका काकांनी शेजारच्या काकांना उचलून घेतले. आणि त्या गदारोळात धैर्यशीलच्या तोंडून एक शब्द निसटला:

"अरेरे."

परतताना वैजयंता चार पावले पुढे गेली आणि थांबली. मग म्हणाली, "तू 'अरेरे' म्हणालास."

"मी? छे!"

"आपला गोल झाला आणि तू 'अरेरे' म्हणालास. मी शेजारीच होते, धैर्या."

"अगं, तिसरा गोल झाला ना. दोनवर थांबतं तर सुका होता. भाव इतका चुकलेला होता की..."

"आपण फायनलला पोचलो."

"हो, ते आहेच."

"ते *आहेच*?" वैजयंता म्हणाली, आणि आपल्या घराच्या गल्लीत वळली.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता. इंद्रजित खेळणार! वर्षभराने मैदानात उतरणार! कुणी म्हणे तीन मारील, कुणी म्हणे पाच, आणि एका म्हातारीने तर नवस बोलून सातावर नेऊन ठेवले. झाडून सारी पेठ ढेपा घेऊन शेठकडे धावली, आणि दुसऱ्या पेठेचेही मागे राहिले नाहीत. गोल आपणच घालणार अशी त्यांचीही खात्री. फळीवर रश्श्याचा भाव घसरत घसरत पाच ढेपांवर एक असा झाला. सुक्याचा मात्र चढत चढत एका ढेपेवर चार.

धैर्यशीलने अंतिम सामन्यांचे मडके पुन्हा एकदा पालथे केले. अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे पाय कापतात. कुणी पुढे यायला धजत नाही. दहांतले सहा पावटे. म्हणजे दहा ढेपा लावल्या तर चार जातील, आणि सहांवर चोवीस येतील. असा चुकलेला भाव जन्मात एकदा दिसतो. त्याने माजघर रिकामे केले, बैलगाडी काठोकाठ भरली, आणि निघाला.

वाटेत वैजयंता उभी होती.

"कुठं निघालास?"

त्याने तिला सगळे सांगितले. उत्साहाने, हातवारे करून, मडक्यापासून फळीपर्यंत. तिने मध्ये एकदाही तोडले नाही.

"हिशेब बरोबर आहे?"

"एका गाडीमागं सरासरी दोन गाड्या नफा! आबांना विचार हवं तर."

"मग लाव. तुझा गूळ आहे." ती बैलाच्या कपाळावर हात फिरवत राहिली. "एकच सांग. उद्या दोन गोल झालेले असतील, आणि दादा चेंडू घेऊन पुढे पळत असेल. ज्या पायानं वर्षभर पायऱ्या चढला, त्या पायानं. तेव्हा माझ्या शेजारी बसून तू मनात काय म्हणशील?"

धैर्यशील बैलांचा कासरा हाताला गुंडाळू लागला.

"ते ठरव आणि मग लाव. मला एक सामना नाही बसायचं तुझ्या शेजारी, जन्मभर बसायचंय. मनातल्या मनात 'चुकू दे' म्हणणाऱ्याच्या शेजारी मी नाही बसायची. सुपारी फुटली असली तरी नाही."

ती निघून गेली. बैल बापडे उभे राहिले, आणि गाडीवान त्यांच्याहून बापडा. अखेर त्याने गाडी आबांच्या घराकडे वळवली. आबा म्हणतील 'लाव', की संपला प्रश्न. गुरूच्या शब्दापुढे वैजयंताही काय बोलणार?

आबांनी भाव ऐकला. मडके पाहिले. "बरोबर आहे तुझं. या मोसमातला सगळ्यात चुकलेला भाव. सुकाच." मग ते आत गेले, काखेत आपली एक ढेप घेऊन आले आणि म्हणाले, "चल, मीही येतो."

धैर्यशीलचा जीव भांड्यात पडला.

बाजारात आबांना पाहताच गर्दीने वाट दिली. शेठने दुरूनच ढेप पाहिली आणि फडके हातात घेतले.

"या आबा, या. सुक्यावर ना? मला वाटलंच. तरी म्हटलं अजून कसे आले नाहीत."

"रश्श्यावर," आबा म्हणाले.

शेठच्या हातातले फडके गळून पडले. "कशावर?"

"रश्श्यावर. ऐकू कमी येतं काय?"

"आबा, बरं वाटत नाही का? ताप-बिप? बसा बघू इथं. अरे, पाणी आणा कुणीतरी!"

"पाणी नको. ढेप घे."

शेठने ढेप घेतली, पण अशी, की जणू तिच्यात विंचू असावा. धैर्यशीलने आबांना हाताला धरून गाडीच्या आडोशाला नेले. त्याला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती.

"आबा, हे काय केलंत? आत्ता तुम्हीच म्हणालात सुका!"

"आताही म्हणतो."

"रश्श्यावर जिंकलात तर पाचवा तुकडा हाती लागायचा. आणि हराल ते दहात सहा वेळा. अहो, त्या ढेपेतली निम्मी ढेप तर आत्ताच गेली!"

"निम्म्याहून थोडी जास्तच," आबा म्हणाले. "शिकलास खरा."

"मग ठेवलीत का?"

आबा गाडीच्या जुवाला टेकले. "बाळ, ते पोरगं माझ्या पायरीवर रडलेलं मी पाहिलंय. उद्या ते धावेल तेव्हा मला बाकावर उभं राहून ओरडायचंय. आयुष्यभर पंच होतो. कुणासाठी ओरडता आलं नाही. आता ओरडायचं, तर मनात दुसरं काही नको. त्या ओरडण्याची किंमत अर्धी ढेप. मला परवडते. आकडा किंमत सांगतो रे. घे किंवा घेऊ नको, हे सांगत नाही. ते त्याचं कामच नाही. हे सगळं गाव रश्श्यावर लावतंय, त्याला तू मूर्ख समजतोस. तेही प्रेमच विकत घेतात, फक्त त्यांना वाटतं आपण नफा करतोय. मला ठाऊक आहे की मी खर्च करतोय. त्यांच्यात आणि माझ्यात फरक तेवढाच."

"मग मी काय करू?"

"तुझा हिशेब चुकलेला नाही. अपुरा आहे. शेठच्या फळीवर गुळाचाच भाव लिहिलेला असतो. तू या गाडीबरोबर आणखी काय लावतोयस, ते तुझं तुला ठाऊक. तेही पारड्यात घाल, आणि मग पुन्हा बघ, भाव चुकलाय का. लावलंस तरी मी तुला नावं ठेवणार नाही."

एवढे बोलून आबा चालू लागले. बोलून झाल्यावर थांबण्याची त्यांना सवय नव्हती.

धैर्यशील गाडीजवळ उभा राहिला. फळीवरचा चाराचा आकडा एवढा सुबक दिसत होता की शेठने तो आपल्यासाठीच घोटून काढला असावा, असे त्याला वाटले. मागून लोक ओरडत होते, "लावणार असशील तर लाव गड्या, नाहीतर गाडी काढ!" शेठ त्याच्याकडे पाहत मनातल्या मनात देव आळवत होता, कारण एवढी गाडी सुक्यावर बसली असती आणि सुका निघाला असता, तर त्याला पुढच्या हंगामापर्यंत चहात साखर घालावी लागती.

"रामराम, शेठ," धैर्यशील म्हणाला, आणि त्याने बैल फिरवले. शेठने त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला हात जोडले म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. वैजयंताने शेजारची जागा आपली ओढणी टाकून धरली होती. धैर्यशील आला. तिने त्याच्याकडे पाहिले आणि ओढणी उचलली.

सामना मडक्याप्रमाणेच झाला. दोन्ही संघ एकमेकांना एवढे भ्याले की चेंडू मधल्या रेषेच्या आसपासच कंटाळला. बांधावरच्या म्हशींनी मान वर करणेच सोडून दिले. इंद्रजितला एकदा मोकळा चेंडू मिळाला, तेव्हा त्याचा पाय अडखळला आणि चेंडू बाहेर गेला. सारी पेठ "हाय!" म्हणून खाली बसली. धैर्यशील सर्वांत उशिरा बसला. आपण उभे राहिलो होतो हे त्याच्या ध्यानातच नव्हते.

शेवट जवळ आला. कोपऱ्यातून चेंडू आला, दोघांच्या डोक्यावरून उडाला आणि इंद्रजितच्या पुढ्यात पडला. त्याच पायाच्या पुढ्यात. इंद्रजितने क्षणभरही वाट पाहिली नाही.

जाळे हलले.

त्यानंतर काय झाले ते धैर्यशीलला पुढे कधी नीट सांगता आले नाही. तो बाकावर होता. मग बाकावर नव्हता. मग पलीकडच्या बाकावर असलेल्या आबांच्या गळ्यात होता, आणि आबा आपली जुनी शिट्टी अशी फुंकत होते की मैदानातला खरा पंच गोंधळून खेळ थांबवून उभा राहिला. धैर्यशीलच्या घशातून आवाज निघत होता, तो माणसाचा नव्हता. आणि त्या सगळ्या आवाजात चिंचोका नव्हता, पावटा नव्हता, शेठ नव्हता.

एक-शून्य. चषक पेठेचा. सामना सुका.

गुलाल उधळला गेला, हलगी कडाडली. नाचता नाचता एकाच्या ध्यानात आले, मग दुसऱ्याच्या, की अरे, गूळ गेला की! सगळ्यांचाच गेला. क्षणभर हलगीसुद्धा विचारात पडली. मग कुणीतरी ओरडले, "जाऊ दे रं गूळ! इंद्या पळाला का न्हाई?" आणि नाच दुप्पट जोरात सुरू झाला. ते पाहताना धैर्यशीलला वाटले, ज्या गावाला आपण वर्षभर अडाणी समजत आलो, त्याचे मडके आपण कधी नीट उघडून पाहिलेच नाही.

गर्दी ओसरल्यावर वैजयंता त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या केसांत गुलाल होता.

"किती गेला?"

"काय?" त्याचा आवाज बसला होता.

"गूळ. लावला असतास तर किती आला असता? आणि मोजला नाही म्हणू नको. तुला मोजल्याशिवाय राहवत नाही."

"चार गाड्या," तो घोगरेपणाने म्हणाला. मग त्याच्यातला शिष्य जागा झाला. "म्हणजे, निकाल तसा लागला म्हणून चार. खरं धरायच्या त्या दोनच. आबा म्हणतात, सोडलेल्याची किंमत सोडताना मोजायची. निकाल लागल्यावर नाही. काल बाजारातून गाडी वळवली, तेव्हाच दोन गाड्या सोडल्या मी. आज रस्सा झाला असता तरी दोनच."

 वैजयंता हसू लागली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. गुलाल गालभर पसरला.

"गल्लीतली सगळी पोरं येता-जाता 'जीव ओवाळून टाकीन' म्हणतात," ती म्हणाली. "किती जीव, ते एकालाही सांगता येत नाही. तुला विचारलं, तर दोन गाड्या. तेही सरासरी."

"कमी आहे?" त्याने घाबरून विचारले.

"नाही रे," ती म्हणाली. "पहिल्यांदाच कुणीतरी पक्का आकडा सांगितला."

दोघे घराकडे निघाले. धैर्यशीलला आबांचे बोलणे आडोशाला उभे राहून ऐकताना कळले नव्हते, ते आता चालता चालता समजले. भाव ज्याला कळतो, त्यानेच हात सैल सोडावा. कारण आपण काय दिले, हे त्यालाच ठाऊक असते.